दुसरा तास

पहिल्या तासाला सगळे होते.
पॅकिंगवाल्या, फोर्कलिफ्टवाले, खोकी ठोकणारा म्हातारा एल्मर,
कॅन्टीनमधल्या घडीच्या खुर्च्यांवर, डोक्याला जाळी तशीच.
पडद्यावर दोन गुळगुळीत माणसं एका गुळगुळीत ऑफिसात
एकमेकांशी चुकीचं वागत होती.
आमच्याकडे ऑफिस नाही. पट्टा आहे,
आणि पट्ट्याच्या खडखडाटात कोण काय म्हणालं
ते जिला म्हटलं तिलाच ऐकू जातं.

मागून कुणीतरी विचारलं, आता गुड मॉर्निंगही बंद का?
हशा पिकला.
गेल्या वर्षी मीही हसले होते.

मग बाई म्हणाल्या, कामगारांनी निघावं.
सुपरवायझर थांबा. तुम्हाला अजून एक तास, कायदाच आहे.
उरलो सहाजण आणि डोनटचा खोका.
जूनपासून मी सुपरवायझर आहे,
खिशावर लाल दोऱ्यानं शिवलंय: रेमेडिओस.

लुंडग्रेनबाई सॅक्रामेंटोहून आलेल्या, घसा बसलेला,
आदल्या दिवशी कुठल्याशा टोमॅटोच्या कारखान्यात
हेच बोलून आलेल्या.
म्हणाल्या, बाकी विसरलात तरी चालेल, एवढं लिहून घ्या:
तुमच्या कानावर आलं
म्हणजे कंपनीच्या कानावर आलं.
कुणाला सांगणार नाही, हे वचन
तुम्हाला आता देता येणार नाही.

मी लिहून घेतलं. खाली रेघ ओढली. मग आणखी एक.

सहा वर्षांपूर्वी मी व्हर्नाच्या कानावर घातलं होतं,
शीतगृहाच्या दाराशी, तोंडातून वाफ निघत असताना,
की वेंडेल मला नासपती तपासायला शिकवतो
आणि अंगठा माझ्या मानेवर ठेवतो.
देठापाशी दाबायचं, हलकेच, अस्सं.
दबली तर पिकली.
व्हर्नानं कानांवर हात ठेवले.
म्हणजे खरोखरचे नव्हे. हातानं तर तिनं
माझ्या खांद्यावरचं पान झटकलं,
म्हणाली, तो सगळ्यांशीच तसा आहे गं, मोसम संपेल.

संपला.
पुढचा आला.
वेंडेलच्या निरोपाचा केक ह्याच टेबलावर कापला.
ताटल्या मी मांडल्या.

शेवटी चाचणी. प्रश्न अकरावा:
एखादी कामगार कारण न सांगता
जागा बदलून मागते. तुम्ही काय कराल?

मंगळवारी येसेनिया म्हणाली होती,
मला चार नंबरच्या पट्ट्यावरून काढशील?
मी हातातल्या यादीवरून मान न उचलता म्हटलं,
का गं, ऊन येतं तिथे?
हो, म्हणाली. ऊन.
चार नंबरला खिडकीच नाही.

बरोबर उत्तरावर खूण केली. बारापैकी बारा.
प्रमाणपत्र प्रिंटरमधून आलं, अजून कोमट होतं,
नावात एक अक्षर चुकलेलं.

नासपती आतून सडत जाते,
सालीला कळतं सगळ्यात शेवटी.
हे मला वेंडेलनंच शिकवलंय.
खोटं नाही ते, तेवढंच फक्त.

बाहेर बंधाऱ्यावर ट्रक ओळीनं उभे,
ऑगस्ट, फळाला घाई.
मी चार नंबरवर गेले आणि लाल बटण दाबलं.
पट्टा थांबला की मिनिटं वहीत लिहावी लागतात,
पुढे कारण.
सगळ्या माना वळल्या. बिघडलं काय, एल्मर ओरडला.
त्या शांततेत माझा आवाज मला फार मोठा वाटला.
येसेनियाला म्हटलं, चल बाहेर.

बाहेर म्हटलं,
तिथे ऊन येत नाही.
आणि तू काही बोलायच्या आधी ऐक,
मला हे पोटात ठेवता येणार नाही.

ती ट्रकांकडे बघत राहिली.
मग एक हातमोजा काढला.
दुसरा काढायला
तिला खूप वेळ लागला.