जवळपास

तीन दिवस एका शब्दावर गेले.
मी टिपत होते. माझं काम तेवढंच:
जे बोललं जातं ते कागदावर आणायचं,
खोकला सोडून, उसासा सोडून.

पूर्व टेक्सासातलं आमचं गाव.
कोर्टासमोर पेकानची झाडं, आतला एसी असा
की भर ऑगस्टात स्वेटर लागतो.
पेटंटचे खटले एवढ्या लांब इथेच का येतात,
ते मला विचारू नका.
डॅलसहून वकील येतात, मॉटेल भरतं,
मासे तळणाऱ्या लुएलाचं बरं चालतं.

वादी वेंडल थिबोडो, बोमाँटचा वेल्डर, वय एकाहत्तर.
कोंबड्यांना पाणी पाजायचा नळ त्याने काढला.
चोच लागली की थेंब, चोच हटली की बंद.
धुवायला माणसाने कोपर लावलं तरी उघडतो.
अर्जात लिहिलंय: झडपेचं तोंड जवळपास गोल.
कंपनीच्या नळाचं तोंड अंड्यासारखं.
कारकून हसला. हसू मी टिपत नाही.

मग सुरू झालं. जवळपास म्हणजे किती जवळ?
नखाएवढं? केसाएवढं?
एकाने शब्दकोश उघडला, दुसऱ्याने त्याहून जाड.
तासाला सहाशे डॉलर घेणारा तज्ज्ञ म्हणाला,
ते अवलंबून आहे.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आणि माझी बोटं तोच शब्द मारत राहिली.
त्यात जवळही आहे, पासही आहे,
एकाच अर्थाचे दोघे हात धरून उभे,
तरी मधे फट राहतेच.

"हाच शब्द का वापरलात?"
"माझ्या शेडमध्ये अगदी गोल असं काही होत नाही, साहेब."
"पण कोपराने उघडणारा कशाला?"
"अर्लिनची बोटं मिटायची बंद झाली होती."
हरकत. विषयाशी संबंध नाही.
हरकत मान्य.
पान दोनशे बारा, ओळ नऊ.

बाईंनी अंडं गोलात धरलं. ज्युरीने आकडा दिला,
वेंडलने टोपी काढून तो दोनदा वाचला.
चौदा महिन्यांनी वॉशिंग्टनच्या तिघांनी लिहिलं:
ज्या शब्दाला कुंपण नाही
त्याच्या आत कुणाची मालकी नाही.
पेटंट रद्द. एकवीस पानं.
मला विचाराल तर तेही चूक नव्हते.
चूक कोण होतं, हे शोधायला
मी ती पानं रात्री परत वाचली.

एप्रिलात बोमाँटला बहिणीकडे गेले,
येताना अंडी घ्यायला त्याच्या दारात थांबले.
चाळीस कोंबड्या, नळांची रांग,
पलीकडे एक बाई कोपराने एकेक उघडून बघत होती.
"आता कुणीही बनवावा," वेंडल म्हणाला,
आणि अंडी मोजायचा चुकला, पुन्हा मोजू लागला.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
लग्नाला किती वर्षं झाली?
"जवळपास पन्नास."

"एकोणपन्नास," नळांपाशी वाकूनच ती म्हणाली,
"आणि सात महिने."