पंप बसवल्यानंतर

डुलुथ. उणे एकतीसची रात्र.
हिल्मा निस्कानेनचा फोन : "वरची खोली गार पडलीय."
पंप मीच बसवला होता, मंगळवारी.

त्याआधी शंभर वर्षं
तळघरातलं पाणी तापलं की हलकं व्हायचं,
मनगटाहून जाड पाइपांतून आपसूक वर जायचं,
निवलं की जडावून उतरायचं.
कोणी ढकललं नव्हतं त्याला.

वरच्या रेडिएटरचा सांधा खोलला.
आत पत्र्याची चकती, वाटाण्याएवढं भोक :
कुणा जुन्या कारागिराने
वर धावणाऱ्या उष्णतेला घातलेली वेसण.
माझ्या पंपाचं पाणी तिला टाळून
खालीच घुटमळत होतं.

हिल्माने चकती एप्रनला पुसली,
भोकातून गोठलेलं सरोवर पाहिलं.

पहाटे वीज गेली. पंप मुका.
पाइपाला हात लावून बसलो दोघं.
कोमट.
चढतंय.