रिकामी चालव

मंगळवारी खालून गुंता यायला लागला.
वरून टीप सरळ, शहाण्यासारखी,
कापड उलटलं की
सुंभाचा पीळ सुटावा तसा दोऱ्याचा घोळ.
बॉबिन बदलली. डबीचा बारका स्क्रू
अर्धा आटा आवळला, अर्धा सोडला,
मशीनच्या कंपनीला दोन शब्द ऐकवले.
पंधरा तारखेला शाळा,
आणि चौकड्यांचे एकवीस सदरे
बिनबाह्यांचे दोरीवर.

हुसेनमियाँ परकार आता दापोलीहून उतरत नाहीत.
एक डोळा गेला, दुसरा जायच्या वाटेवर.
फोन मात्र पहिल्या घंटेला उचलतात.
म्हणाले, "वैजू, दोरा काढ. कापड काढ.
फूट वर कर. रिकामी चालव,
आणि फोन ठेव चाकापाशी."

बंदरात मोसमातले शेवटचे लिलाव चालले होते,
हर्णैचा सगळा आरडाओरडा घरात.
मी खिडकी लावली
आणि पाय मारले.

पलीकडे नुसता श्वास.
मग, "खोबरेल घातलंस?"

बाटली कपाटावर होती, झाकण उघडं.
"खोबरेल केसांना, पोरी. मशीनमध्ये त्याचा डिंक होतो.
रॉकेलचे दोन थेंब, फिरव, पूस.
मग मशीनचं तेल. भोकाला एक थेंब, वर नको.
आपल्या हवेत लोखंड उपाशी राहत नाही,
तू तेल दिलं नाहीस तर ते खार खातं."

मी हो म्हटलं.
"थांब. दर फेऱ्याला एकदा टक् म्हणतंय.
ताडपत्री कुणाची शिवलीस?"

भावाची. होडी वर ओढलीय, तिच्यावर घालायला.
चार पदर, आणि सुई चौदा नंबरची.
एकच शिवण होती, मी म्हटलं.
"एकच असते," ते म्हणाले.

शटल बाहेर काढलं.
आत सुईचं टोक,
तांदळाच्या कणीएवढं, अजून चकचकीत.
दात्यांच्या फटीत निळी लव, ठासून,
आणि लवेच्या खाली
जिताड्याचा एक खवला.
तो कधी आला, कुणाच्या परकराला चिकटून,
देव जाणे. पुसून खिडकीत ठेवला.

"सुई नवी लाव. सपाट बाजू बघ कुठल्या अंगाला ते.
दोरा पहिल्यापासून ओव, फूट उचललेलं असताना,
म्हणजे चकत्यांच्या मध्ये बसेल.
खालचा गुंता वरच्या चुकीचा असतो, वैजू.
चाळीस वर्षं सांगतोय,
तरी जो तो बॉबिनलाच शिव्या देतो."

चिंधीवर टीप मारली.
वरून सरळ. उलटली. सरळ.
पैसे किती पाठवू, विचारलं.
"आवाजाचे कसले पैसे?
ठेवू नकोस फोन. एक बाही लाव."

म्हणून लावली.
मशीन जुन्या चालीवर आलं होतं,
पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना
तेवढा पूर्वीसारखा चाटून जायचा.
ते काही बोलले नाहीत.
त्यांच्याकडे कुठेतरी कोंबडं आरवलं, भर दुपारी.
काखेच्या वळणाशी मी थबकले,
कापड हातात, पाय अधांतरी,

आणि तिकडून, न बघता,
"सुई आत असू दे. मग वळव."