असन

मे महिन्यात ‘मे’ शिकवते, पोरं दरवर्षी हसतात.
मानेवाडा चौक, झेरॉक्सच्या दुकानावरची पत्र्याची खोली,
संध्याकाळचे सात. कूलरमधलं पाणी संपलेलं,
पंखा नुसतीच भट्टी फेकतोय.
फळ्यावर मी टक्के लिहिलेत:
मस्ट नव्वदच्या वर, मे पन्नास, माइट तीस.
कुणी मोजले कुणास ठाऊक.
वीस वर्षं लिहितेय, वीस वर्षं वह्यांत उतरतायत.

तेजराम बोरकुटे शेवटच्या बाकावर बसतात.
वय त्रेपन्न. छोटा हत्ती चालवतात,
कळमन्याहून कांदे घेऊन निघतात पहाटे.
इंग्रजी कशाला, म्हटलं तर म्हणाले होते,
“नात कॉन्व्हेंटात हाये, म्याडम. लाजते माह्यासंगं.”

त्या दिवशी सगळे उतरून गेल्यावर
त्यांनी भाजीच्या पिशवीतून कागद काढला.
मेडिकलचा शिक्का. पंचफुला तेजराम बोरकुटे,
स्त्री, एकोणपन्नास.
“रातभर वाचला डिक्शनरी घेऊन.
यात तुमचं मे नाही, माइट नाही, मस्ट बी नाही.
मंग हे पक्कं समजाचं का?”

मी वाचलं.
खरंच नव्हतं त्यातलं काही.
आणि तरी त्या पानावरचं एकही वाक्य
पाय टेकून उभं नव्हतं.
शंका तिथे दुपट्टा गुंडाळून फिरत होती,
उन्हात स्कूटीवर निघालेल्या मुलींसारखी,
नुसते डोळे उघडे: सजेस्टिव्ह. लाइकली.
एका ओळीत ती चक्क नाम होऊन बसलेली, पॉसिबिलिटी,
खुर्चीवर, फाइल उघडून, साहेबासारखी.
आणि ‘अपिअर्स’ तर साधं क्रियापद,
भर रस्त्यात, तोंडसुद्धा न झाकता.
वीस वर्षं मी पुढच्या दाराला कुलूप लावत होते.

कॅन होतं एक, शेवटच्या ओळीत,
तेही नॉटला बांधलेलं: कॅनॉट बी रूल्ड आउट.
“रूल म्हंजे रूळ ना? शाळेत हातावर बसाचा तो?”
तोच, म्हटलं. रेघ मारून बाहेर काढणं.
नाही काढता येत, असं लिहिलंय.
“कोणाले नाही येत?”
मी पुन्हा वाचलं.
वाक्यात कोणीच नव्हतं.

त्यांनी फळ्याकडे पाहिलं.
“मंग हे किती टक्के?”
आकडे तसेच होते, खडूचे, ठळक.
मी ते आधीच पुसायला हवे होते.
हवे होते: हेही शिकवते मी,
शुड हॅव, तिसऱ्या महिन्यात, फी भरल्यावर.

“इंग्रजी राहू द्या,” ते म्हणाले.
“असन का नसन, तेवढं सांगा.”

हा आमचा नागपुरी न.
मी येईन, तो बी येईन, नळ येईन, बाई बरी होईन:
बोलणाऱ्याला आणि होणाऱ्या गोष्टीला एकच शेपूट,
जणू पाण्यानंही शब्द दिलाय.
लग्नानंतर पुण्यात सहा वर्षं
मी तो घासून घासून ल केला होता.
मला रिपोर्टमधलं काय कळतं?
अप्रूव्ह्ड लिस्टमधले प्रत्यय कळतात फक्त.
तरी जीभ आपली आपण वळली.
“नसन,” मी म्हटलं.

अंदाज होता का तो, इच्छा होती, की नुसती भीती,
कुठल्या रकान्यात घालायचा,
अजून ठरलेलं नाही.

त्यांनी कागद मूळच्या घड्यांवरच मिटला.
उद्या येणार नाही म्हणाले, बायोप्सी आहे,
सकाळी आठला लाइनीत लागायचं.
मग चपला घालता घालता, जिन्याकडे पाठ करून,
पहिल्यांदाच एक आख्खं वाक्य बिनचूक:
“आय मस्ट गो.”

मी नव्वद टक्के म्हणाले नाही.
खाली छोटा हत्ती
तिसऱ्या किल्लीला सुरू झाला.