झाकण

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही अठरा जण
मखमलाबाद रोडच्या त्या आश्रमात,
फराळाचे डबे, शाली आणि एक स्पीकर घेऊन.
सकाळी एक बँक येऊन गेली होती,
तिच्याआधी कुठलंसं महिला मंडळ,
म्हणून गायधनी काका
(नोटप्रेसमधून रिटायर, अजूनही सगळं मोजतात)
दारातच म्हणाले, "करंज्या एकशे बारा झाल्या.
तुमचं काय? लाडू? बरं, या."

ओवाळून झालं. मौले सरांनी
सगळ्यांना एका रांगेत बसवून फोटो काढला,
कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला,
आणि सव्वापाचला आम्ही गाड्यांना किका मारल्या.

घरी आल्यावर कळलं: डबा आला, झाकण राहिलं.

पितळी डबा, आईचा.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं
चि. सौ. कां. कुमुद हिस, अण्णांकडून.
दोन फोन केले. "बघतो," म्हणाले.
मग कंपनी सुरू झाली,
वाटेवरच्या द्राक्षबागांना पानं फुटली,
सातपूरला पहिल्या शिफ्टला जाताना
स्वेटर लागायला लागला.
एका मंगळवारी रजा टाकून मीच गेले.

मंगळवारी तिथे वेगळाच वास असतो:
फिनेल, पातळ वरण, उन्हात टाकलेल्या गाद्या.
गायधनी काकांनी मला मोजलं.
"अठरातली एक," ते म्हणाले.

झाकण वत्सलाबाई दातीरांच्या उशीखाली होतं.
रोहिणी, तिथली मदतनीस, ओशाळून म्हणाली,
"देतच नाहीत हो. काढून घेतलं की जेवत नाहीत."
मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.
रिक्षेचे पैसे, बुडालेला दिवस,
आणि आईचं नाव परक्या उशीखाली.

बाईंनी झाकण पुढे धरलं, दिलं नाही.
बोट 'कु'वर ठेवलं.
"हा उकार बघ. शेपटी आत वळवलेली.
अख्ख्या भांडीबाजारात असा उकार कुणी काढत नव्हतं."
मग आवाज खाली आणून,
"नावं घालायला ते बसायचे. पण दृष्टी गेली होती.
रात्री दार लावून मी घालायचे.
बाईमाणसानं घातलंय कळलं असतं
तर गिऱ्हाईक आलं असतं का?"

खरं असेल. नसेलही.
रोहिणी पाठीमागून खुणावत होती
की त्या असंच बोलतात, पातेल्यांशीही बोलतात.
अण्णांनी डबा कुठून घेतला
हे सांगायला आता कुणी शिल्लक नाही.
मी उकार बघितला.
शेपटी आत वळलेली होती.
इतकी वर्षं हे झाकण उघडलं, लावलं,
घासलं चिंचेनं,
कधी दिसली नव्हती.

"तुझं नाव काय?"
दिवाळीत आम्ही सगळ्यांना नावं विचारली होती,
माइक तोंडापुढे धरून.
"मृणाल."
"अगं बाई! अवघड ठेवलंय.
पण मुरड छान घेता येईल."

काकांनी कर्कटक आणलं,
बालदिनाला एका शाळेनं वाटलेल्या कंपासपेट्यांमधलं.
(म्हाताऱ्यांना कंपासपेट्या.
छत्तीस होत्या, काका म्हणाले,
आम्ही छत्तीस वेळा थँक्यू म्हटलं.)
रोहिणीनं खलातला बत्ता दिला
आणि खिडकीकडे बघत राहिली.

टक्. टक्. फुंकर. टक्.
शेजारच्या कॉटवरच्या बाई झोपेतच म्हणाल्या,
"दार उघडा कुणीतरी."

अर्ध्या तासात एक अक्षर झालं, मग हात कापायला लागला.
"उरलेलं पुढच्या मंगळवारी,"
आणि झाकण परत उशीखाली.

घरी डब्यावर ताटली ठेवलीय.
तिकडे झाकणावर आई पूर्ण आहे,
तिच्या खाली मी,
मंगळवारपर्यंत
नुसती मृ.