सावलीचा काटा

कंपनीला पाहिजेत बारा फोटो.
माणसं नकोत, ट्रकचे व्रण नकोत,
आकाश जरा जास्त. असं लेखी आहे.

भूमच्या पुढं माळ लागतो
तिथं गाडी लावून मी ड्रोन काढते.
बॅटरी बावीस मिनिटांची,
वाऱ्यात सतरा.
आणि वारा तर इथला मालकच,
त्याच्यासाठीच आलेत सगळे.

दीडशे मीटरवरून माळ
वाळत घातलेल्या कातड्यासारखा.
त्यावर मुरुमाचे नवे रस्ते,
प्रत्येक एकेका पंख्यापाशी जाऊन संपणारा.
शेततळ्याचं प्लॅस्टिक. आत पाणी नाही,
तरी निळंच.
वेशीतला मारुतीचा पार
कोपऱ्यात चावा घेतलेल्या भाकरीसारखा:
पातं वळवायचं होतं त्या रात्री,
चौपन्न मीटरचं.
पोरं त्याच्याबरोबर चालत होती
वरातीत चालावं तशी,
आणि कोपरा तासला तेव्हा
कुणी काही बोललं नाही म्हणे.
(सप्त्याला वर्गणी आली नंतर.)

म्हाळू हाके शेजारी येऊन उभे.
काठीवर हनुवटी.
"काय दिसायलंय गं वरून?"
स्क्रीनवर ओंजळीची सावली धरून दाखवते.
बराच वेळ बघतात.
"ह्यो कोण?"
"तुम्ही."
"लई बारीक झालोय की."
मग बोट सरकतं.
"आन् ही काळी रेघ?"

रेघ मीही आत्ताच पाहते.
एवढ्या माळावर झाड नाही,
होत्या त्या बाभळी रस्त्यात गेल्या,
म्हणून मेंढरं उभी राहिलीत
खांबाच्या सावलीत, एकामागं एक,
माना खाली घालून,
सावलीएवढीच लांब, सावलीएवढीच रुंद.

"सकाळी तिकडं असत्यात," हाके सांगतात,
"दुपारी बुंध्याला दाटी करत्यात,
दिवस कलला की गावाकडं लांबत्यात.
मला घड्याळ नको आता."
ही तक्रार की कौतुक, कळत नाही.
विचारलं तर म्हणाले,
"सावलीचं भाडं मागत न्हाईत
तवर बरंय."

पात्याची सावली टोकाच्या मेंढरांवरून
जाते, जाते, जाते.
आधी बुजायची म्हणे.
आता कानसुद्धा हलवत नाहीत.

बॅटरी अकरा टक्के. रिमोट केकाटतो.
ड्रोन माघारी बोलवण्याआधी
एक फोटो, सरळ खाली तोंड करून,
ना आकाश ना क्षितिज:
बुंध्याचा पांढरा ठिपका
आणि त्याला फुटलेला लोकरीचा काटा,
पावणेपाच दाखवणारा.

कंपनीला बाराच पाठवले.
तेरावा हाकेंनी मागितलाय, मोठा करून.
"मी दिसलो पायजे," म्हणाले,
"न्हाईतर नातू म्हणंल, मेंढरं आपली आपणच
हुबी राह्यली, राखणारं कुणी नव्हतं."

रात्रभर फोटो ताणत बसलेय,
मेंढरू न् मेंढरू मोजून झालं.
हाके कुठंच नाहीत.
कसे असतील?
माझ्या शेजारीच होते की ते,
चौकटीच्या चार पावलं बाहेर.