तीन सूत

बर्फ वितळला तेव्हा दिसला काळा डाग
लॉरेनच्या शेपटाखाली, खडीवर,
परातीएवढा.
हिवाळाभर गिअरचं तेल थेंब थेंब गळत होतं
आणि आम्ही घरात हीटरपाशी
मेथीचे लाडू खात बसलेलो.

स्टर्जन बेच्या या यार्डात
एप्रिल म्हणजे अजून स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर
नॉर्बर्टनं दिलेला तेलकट एप्रन.
बोट ट्रेलरवर. मी तिच्या मागे, पुठ्ठ्यावर उताणी.
अच्युत उलट्या बादलीवर,
उजवा हात डाव्या हातात धरून.

"फिरतोय का?"
फिरतोय.
"आवळतोय का?"
नुसताच फिरतोय.

तळाचा स्क्रू, तीन सुती
(इथल्या इंचांनाही तो अजून सुतातच मोजतो).
बाहेर काढला तर अंगावर
ॲल्युमिनियमची वेटोळी, केसासारखी.
आतले आटेच सोलून घेऊन आला होता.

बत्तीस वर्षांची बोट, मी म्हणाले, धातू थकतो.
तो काही बोलला नाही.
ऑक्टोबरात हा स्क्रू त्यानंच आवळला होता.
बॅटरी मी धरली होती. मी पाहिलं होतं:
घट्ट बसल्यावरही तो आवळत राहिला,
आणखी एकदा, आणखी एकदा,
कुठे थांबायचं ते हाताला कळेना म्हणून.
मी बास म्हणाले नाही.
सातपूरच्या कारखान्यात ज्यानं
नुसत्या बोटानं मायक्रॉन सांगितले
त्याला बास कसं म्हणायचं?

नॉर्बर्ट डोकावला, शिट्टी वाजवली,
डबी आणून दिली. ड्रिल, टॅप, आणि
स्टेनलेसच्या बारक्या वेटोळ्या,
अगदी जोडव्यांसारख्या.
पायाच्या बोटात घालतात आमच्यात, म्हणाले.
त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं.

"आधी भोक मोठं कर."
बिघडलेलं नीट करायला आधी आणखी बिघडवायचं
हे मला कधीच पटलं नाही,
दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा.
"ग्रीस लाव. कीस आत जाता कामा नये.
एक कण जरी गिअरमध्ये गेला तर..."
तर काय, ते सांगितलं नाही.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.
अर्धा पुढे, पाव मागे.
ग्रीसमध्ये चंदेरी कीस, खोवलेल्या खोबऱ्यासारखा.
"सरळ जातोय?"
सरळ जातोय.
"आवाज वाकडा येतोय."
चाळीस वर्षांत यानं माझ्या हाती पान्हा दिला नव्हता.
कणीक तरी मी त्याला कुठे मळू दिली?

जोडवं बसलं, काठापासून पाव फेरा आत.
त्याच्या टोकाला एक आडवी शेपटी असते,
फिरवायला धरायची, काम झालं की तोडायची.
छिन्नीवर एक टिचकी. टक्.
ती आत पडली.
स्टेनलेस. लोहचुंबकाला दाद देईना.
मी शिव्या घातल्या, अस्सल भद्रकालीतल्या.
नॉर्बर्टला एक कळली नाही, अच्युतला सगळ्या कळल्या.

तो उठला.
आइस्क्रीमच्या काडीच्या टोकाला ग्रीस माखलं,
गुडघे टेकले, काडी भोकात सोडली.
हात थरथरत होता, म्हणून काडी थरथरत होती,
आतला कोपरा न् कोपरा चाचपत.
माझा हात एकाच जागी टोचत बसला असता.
काडी बाहेर आली, टोकाला तुकडा,
नखाच्या चंद्राएवढा.
त्यानं तो खिशात टाकला. का, मी विचारलं नाही.

नवा वॉशर, नवा स्क्रू.
आधी बोटांनी. मग पान्ह्यानं.
बास, मी म्हणाले, मोठ्यानं,
कुणाला ते मला माहीत.
बादलीवरून: "अजून पाव."
मी पान्हा नुसता धरून ठेवला.
दिला, म्हणाले.

"आवाज नाही आला," अच्युत म्हणाला.

पुठ्ठा तिथेच राहू दिलाय.
सकाळी बघू.